गार इंजिन बंद करायचं नाही

मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली. चाळीस पोरं, चाळीस दप्तरं, मागच्या बाकावरची रोजची मारामारी, आणि एवढं सगळं सांभाळून कुणाला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. तरीही आमच्या ह्यांनी त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला एकोणीस वर्षांत मला बोट लावू दिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं ते ऐकून कुणी मला नावं ठेवायला नको. ठेवली तरी माझं काही अडत नाही म्हणा.

गाडी लाल, दोन दारांची, जपानी, आणि इतकी बुटकी की आधी बूड टेकवायचं आणि मग पाय एकेक करून आत ओढून घ्यायचे. इंजिन रोटरी. रोटरी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही नशीबवान, कारण आमच्या घरी आलेला एकही माणूस त्यातून सुटलेला नाही. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होत असतात. ह्याच्यात पिस्टनच नाहीत. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण एका लांबट पेटीत गोल फिरतो. असे दोन त्रिकोण, की झालं इंजिन. माझं सांगून संपलं. ह्यांना पाऊण तास लागायचा.

हे शहराच्या पंप हाऊसवर नोकरीला होते. आयुष्य फिरणाऱ्या पंपांच्या आवाजात गेलं, त्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंवर ह्यांचा भारी जीव. "वर-खाली आपटत राहणं हे काय इंजिनाला शोभतं?" असं अगदी कळवळून विचारायचे. मीटर वाचायला आलेला माणूस दारात ताटकळतोय, हातातलं यंत्र टीं टीं करतंय, आणि हे त्याला सांगतायत की त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, त्या पेटीच्या भिंतीला घासत फिरतात, आणि सगळा खेळ त्या पट्ट्यांचा आहे. तो बिचारा "हो का" म्हणायचा. "हो का" म्हटलं की आणखी दहा मिनिटं वाढायची.

आणि कुणी चुकून म्हणालं की ह्या गाड्या फार बंद पडतात हो, मग तर विचारूच नका. ह्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी ह्यांच्या आईलाच काही बोललंय. "गाडी बेभरवशाची नाही. माणसं बेभरवशाची आहेत. हे इंजिन तेल पितं, कारण त्याला तसंच बनवलंय. पट्ट्यांना ओलावा लागतो. तुम्ही तेल बघणार नाही, त्याला कधी मोकळं पळवणार नाही, गार असताना बंद कराल आणि वर त्यालाच दोष द्याल?"

खरं सांगायचं तर ह्यात खोट काढायला मला कधी जागा मिळाली नाही. माझी बस बावीस वर्षांत अकरा वेळा रस्त्यात बसली. दोनदा तर भर चौकात, चाळीस पोरांसकट. ह्यांची गाडी एकदाही नाही. दर दुसऱ्या पेट्रोलला तेल बघायचे, दर रविवारी हमरस्त्यावर नेऊन इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेपर्यंत चढवायचे, परत आल्यावर अंगणात दोन मिनिटं चालूच उभी ठेवून मगच बंद करायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "झाली का पूजा?" हे म्हणायचे, "झाली."

मला बंदी का, तेही सांगते. गाडी नवीन आली त्या वर्षी एकदा मला अंगण झाडायचं होतं. मी गाडी चालू केली, दोन हात पुढे घेतली आणि बंद केली; झाडू पुढे सरकला की पुन्हा तसंच, तीन-चारदा. डेपोतली सवय. उभी केली की बंद, डिझेल जाळायचं नाही. आता ह्या इंजिनाचं कसं आहे, गार असताना ते पेट्रोल जास्त घेतं. गरम व्हायच्या आत बंद केलं की ते पेट्रोल आतच राहतं, भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, आणि मग दाबच धरत नाही. म्हणजे चालू होत नाही. हे दोन दिवस गाडीखाली होते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ते एक वेळ चाललं असतं. पण त्यानंतर एकोणीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट ऐकवली. "आमच्या हिने एकदा काय केलं माहितेय?" मी चहाचा ट्रे आपटायचे. पाहुणे हसायचे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "गार इंजिन बंद करायचं नाही."

तीन महिन्यांपूर्वी ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अगदी सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणजे डावा पाय ओढत चालतात, हातात काठी आली, आणि जीभ थोडी जड झाली. साधं बोलणं येतं. पण अवघड शब्द आला की जीभ तिथेच अडखळते, मग तोच शब्द दोनदा, तीनदा, आणि तोंडाच्या कडेला थोडी लाळ येते. व्यायाम शिकवायला येणारी बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना बोलतं ठेवा. जितकं बोलतील तितकं सुधारेल. गप्प बसले तर आहे तेही जाईल."

आणि आमचे हे गप्प बसले. "हो", "नको", "पाणी", "राहू दे". दिवसभराचं बोलणं एवढंच. भेटायला आलेले लोक मुद्दाम गाडीचा विषय काढायचे, त्यांना वाटायचं खूश होतील. हे खिडकीबाहेर बघायचे. मीटरवाला आला, त्याने स्वतःहून विचारलं, "काका, गाडी काय म्हणते?" हे नुसते हसले. तो माणूस कधी नव्हे ते दोन मिनिटांत मोकळा झाला, पण जाताना त्याचा चेहरा पडला होता. मी एकोणीस वर्षं देवाकडे शांतता मागत होते. आता दुपारी घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली तेव्हा मी ते घड्याळ काढून कपाटात ठेवलं.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याने फोनवर सरळ विचारलं, "बाबा, क्लच दाबता येणार नाही, आणि ही गाडी उभी राहून खराब होते. विकू या का?" हे म्हणाले, "विक." संपलं. एकोणीस वर्षांचा संसार एका शब्दात. मुलगा मला म्हणाला, "आई, तुझी तर सुटका झाली." मी म्हटलं, "झाली ना."

आता तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही बोललीस? काय बोलणार? ज्या गाडीला मी रोज शिव्या घातल्या, सवत म्हटलं, भंगारवाल्याच्या गळ्यात घालायची धमकी दिली, तिला विकू नका म्हणून आता कुठल्या तोंडाने सांगू? माझाही काही तोरा आहे. पण मला दिसत होतं, की गाडी ह्या अंगणातून गेली की ह्यांच्याकडे बोलायला काहीच उरणार नाही. आत्ता निदान खिडकीतून गाडीच्या शेडकडे बघतात. उद्या कशाकडे बघतील?

गिऱ्हाईक मिळालं. दातांची डॉक्टर, बाई, तिशी नुकती ओलांडलेली. फोनवर बोलण्यावरूनच कळलं की ह्यांच्याच जातकुळीतली आहे. म्हणाली, "काकू, एक विनंती. रविवारी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. मला इंजिन गार असताना चालू होताना बघायचंय." मी म्हटलं, "बरं." त्या "बरं"मध्येच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले. खुर्चीवर बसून आंघोळ करतात, नळ पूर्ण सोडतात, पाऊण तास लागतो. मी किल्ली घेतली, शेडचं दार उघडलं आणि गाडीत बसले. किल्ली फिरवली, लगेच चालू झाली. कुणी सांगेल का तीन महिने उभी होती म्हणून? दोन हात पुढे घेतली आणि बंद केली. पुन्हा चालू केली, आणखी दोन हात, बंद. मला माहीत होतं, एकदाने हिला काही होत नाही, ह्यांनी फार नीट ठेवलीये. म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बंद करताना पेट्रोलचा वास आला. चांगल्या धडधाकट जनावराला मुद्दाम विष घालावं तसं वाटलं. पण केलं. स्वतःशी म्हटलं, येईल, फिरवून बघेल, चालू होणार नाही, मान हलवत निघून जाईल. आजचा दिवस तर निभेल.

अकरा वाजता ती आली. चार तास बसने प्रवास करून, पाठीवर पिशवी. आत येऊन ह्यांना नमस्कार केला. हे खिडकीशी बसले होते, मान हलवली. बोलले नाहीत. तिने गाडीकडे पाहिलं आणि क्षणभर तिचे डोळे असे काही चमकले की मला अपराधी वाटलं. मग बसली, किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच फिरलं, घर्रर्र, घर्रर्र. पेटेना. पुन्हा फिरवली. नाहीच.

मी मनात म्हटलं, जमलं.

ती खाली उतरली, वाकून धुराच्या नळीचा वास घेतला. "काकू, सकाळी कुणी गाडी हलवली का?"

"मीच," मी अगदी भोळा चेहरा करून म्हटलं. "शेडमध्ये अंधार असतो ना. तुम्ही नको म्हणालात ते विसरलेच, म्हटलं तुम्हाला उजेडात नीट बघता येईल."

"आणि लगेच बंद केली?"

"मग? उगाच पेट्रोल कशाला जाळू? मी बस चालवायचे बाई, उभी केली की बंद."

मला वाटलं आता वैतागेल. पण कसलं काय! ती हसली. "असू दे काकू, सगळ्यांकडून होतं. पेट्रोल तुंबलंय फक्त. अर्ध्या तासात काढते." आणि पिशवी उघडली. पिशवीत पाने, प्लग काढायचा लांब पाना, चिंध्या, तेलाची छोटी बाटली. ही पोरगी दवाखान्यात दात असेच काढत असणार, गप्पा मारत मारत. माझा सगळा डाव पाण्यात गेला. गिऱ्हाईक म्हणून हीच यायची होती?

तिने बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. आत लहान-मोठे वीसेक फ्यूज. झाकणावरची अक्षरं उडून गेलेली. तिने एक काढला, बघितला, परत लावला. दुसऱ्याला हात घातला.

"तो नाही."

आवाज मागून आला. मी वळून बघितलं. हे दारात उभे होते. काठी टेकत पायरी उतरत होते, पायात एकच चप्पल. तीन महिन्यांत अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, व्यायामाची बाई हातापाया पडायची तरी. मी धावले, तर काठीनेच बाजूला सारलं मला.

"तो नाही, तो... दिव्यांचा. खालच्या ओळीतला, डावीकडून, तिसरा, पे... पेट्... पेट्रो..."

"काय, काका?" ती म्हणाली. मनापासून विचारलं तिने, तिचा काही दोष नाही.

"पेट्... फ्... फ्यू..." जीभ तिथेच अडकली. तोंडाची कड ओली झाली. ती पुन्हा म्हणाली, "सॉरी काका, कळलं नाही." ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. रुमाल काढून तोंड पुसलं, ओठ मिटले आणि घराकडे वळले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तीन महिने समजत होते की हे गाडीच्या दुःखाने गप्प आहेत. पण ह्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकवत नव्हतं. प्लग, क्लच, फ्यूज, स्टार्टर, ह्यांच्या जिव्हाळ्याचे सगळे शब्द आता नेमके अडकणारे झाले होते. कुणासमोर अडखळायचं म्हणून बोलायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं.

मी गप्प राहिले असते तर माझं पितळ झाकलेलं राहिलं असतं. भोळी बसवाली काकू, तिला काय कळतंय. पण हे पायरीपर्यंत पोचले होते.

"खालच्या ओळीतला डावीकडून तिसरा फ्यूज," मी मोठ्याने म्हटलं. "पेट्रोलच्या पंपाचा. तो काढला की आत नवीन पेट्रोल जायचं थांबतं."

हे थांबले. ती डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली.

"मग पुढे काय, सांगा ना," मी ह्यांना म्हटलं. "तिला इथलं काय माहीत?"

हे तसेच पाठमोरे उभे. मग हळूच म्हणाले, "चारही..."

"चारही प्लग काढायचे," मी म्हटलं. "दोन वरचे, दोन खालचे."

"तारा..."

"तारांना आधी खुणेची चिकटपट्टी लावायची, अदलाबदल झाली तर बोंब."

आता हे वळले. काठी टेकत परत आले, गाडीच्या पुढ्यात. मी बसायला वेताचा मोडा आणून दिला, बसले. आणि मग आमचं सुरू झालं. हे सुरुवात करायचे, अडकले की मी शब्द द्यायचे, हे तो शब्द घेऊन पुढे जायचे. प्लग निघाले, काळेभोर आणि चिंब. तिने इंजिन नुसतंच फिरवलं, भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले, वास सगळ्या अंगणभर. मी म्हटलं, "आता प्रत्येक भोकात चमचाभर तेल."

"चमचा नाही!" हे खेकसले. "झा... झाकणभर. बाटलीचं झाकण. चमच्याने काय होतंय? पट्ट्या कोरड्या पडल्यात, त्यांना ओल नको? एकोणीस वर्षं सांगतोय, झाकणभर."

केवढं मोठं वाक्य! मी तोंड फिरवून चिंध्या गोळा करायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते.

प्लग पुसून वाळवून परत बसवले, फ्यूज लावला, बॉनेट खाली केलं. ती आत बसली. इंजिन फिरलं, एकदा खोकलं, पुन्हा फिरलं, आणि मग एकदम पेटलं. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की शेजारणीने वाळत घातलेल्या चादरी दिसेनाशा झाल्या. शेजारीण खिडकीतून काहीतरी बोलली, नेहमीचंच. धूर विरला आणि इंजिन शांतपणे चालू राहिलं, नुसतं गुणगुणत. ह्यांनी बॉनेटवर हात टेकवला आणि डोळे मिटले.

"काकू, तुम्हाला तर सगळं येतं!" डॉक्टरीण कौतुकाने म्हणाली. "मग सकाळी तुम्ही..." आणि ती थांबली. हुशार पोरगी. तिने माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि पाना पुसायला लागली.

हे डोळे उघडून माझ्याकडे बघत होते.

"किती वेळा?" ह्यांनी विचारलं.

"तीनदा," मी म्हटलं.

"एकदाने हिला..."

"काही होत नाही. माहितेय. म्हणून तीनदा."

आता ह्या वेळी शहाणा माणूस काय करतो? निघून जातो, आत जाऊन चहा टाकतो. पण इंजिन नुकतंच पेटलं होतं, तापमानाचा काटा अजून तळाशी होता. काटा मधोमध येईपर्यंत ते बंद करता येत नाही आणि चालू गाडी सोडून कुणाला जाता येत नाही. त्यामुळे आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो. म्हणजे आम्ही दोघी उभ्या, हे मोड्यावर.

"का?" ह्यांनी विचारलं.

"का म्हणजे? ती घेऊन गेली असती. मला गाडी जायला नकोय." एकदा तोंड उघडलं की माझं थांबत नाही. "तुम्ही तीन महिने एक अक्षर बोलला नाहीत माझ्याशी. हो, नको, पाणी. ह्या घरात मला भीती वाटायला लागलीय. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसता आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत असते, काही बोलतायत का. गाडी गेली की तुम्हीही गेलात, एवढं मला कळतं. केलं मी ते, मुद्दाम केलं. आता काय बोलायचं ते बोला."

ह्यांनी बॉनेटवरचा हात काढून काठीवर ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मला वाटलं, तुझी सुटका होईल. गाडीतून. आणि..." रुमालाने तोंड पुसलं. "मी बोलतो ते कळत नाही कुणाला. मलाच ऐकवत नाही."

"कुणाला कळायला कशाला हवं? मला पाठ आहे सगळं! तुम्ही नुसती सुरुवात करा हो, पुढचं मला येतं. एकोणीस वर्षं दुसरं ऐकलंय काय मी?"

हे हसले. अर्ध्याच तोंडाने, दुसरी बाजू अजून हलत नाही, पण हसले. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "विकायची नाही."

ती पोरगी रागावली, आणि तिचं बरोबरच होतं. "काका, मी चार तास बसने आले. दोन वर्षं अशी गाडी शोधतेय. प्लगसुद्धा मीच काढून दिले तुमचे!" मी तिची माफी मागितली, अगदी हात धरून. ह्यांनी तिला सांगितलं की इंजिन नीट गरम झालं की मोठी चक्कर मारून ये, लाल रेघेपर्यंत ने, आणि आमच्यानंतर ती तुझीच. मी म्हटलं, "जरा शुभ बोला." तिने नाक उडवलं, पण पायरीवर बसली आणि चहाला हो म्हणाली.

"आधी हिची पाळी," हे म्हणाले आणि काठीने मला गाडी दाखवली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी बूड टेकवलं, पाय आत ओढले आणि सीट पुढे घेतली. दुसऱ्या बाजूने डॉक्टरीणबाईंनी ह्यांना धरून बसवलं, डावा पाय उचलून आत ठेवला. ह्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. काटा मधोमध आला होता. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर काढली.

बस म्हणजे बस आणि ही म्हणजे ही. जरा पाय टेकवला की पुढे झेपावते. मी सरळ रस्त्यावर घेतली, दुसरा गिअर, तिसरा. मला वाटलं आता सुरू होतील, आरसा बघ, लवकर बदल, त्याला दाबू नकोस. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती.

"तू..." हे म्हणाले.

मी वाट बघितली. काय म्हणायचं असेल? जोरात जातेयस? हळू जातेयस? मला शब्द द्यायचा होता, पण हे वाक्य माझ्या पाठांतरातलं नव्हतं.

"तुला मी... आधीच..." जीभ अडकली. पुढे वळण आलं, मी गिअर खाली घेतला, वळण काढलं, पुन्हा वर टाकला. ह्यांनी ओठ पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. घाई केली नाही. तोंड मिटूनही घेतलं नाही. "तुला मी गाडी... आधीच द्यायला हवी होती. खूप आधी. चुकलो मी."

रस्ता मला नीट दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि चालूच ठेवून डोळे पुसले.